बाटलीवर काय लिहिले होते?

आमच्याकडे शेतकरी कीटकनाशकाला कीटकनाशक म्हणत नाहीत, औषध म्हणतात. द्राक्षाला औषध मारले, वांग्याला औषध मारायचे राहिले, असे बोलतात. एखाद्या घरात वाईट घडले तरी शब्द बदलत नाही. "त्याने औषध घेतले," एवढेच कोणीतरी हळू आवाजात सांगते आणि ऐकणाऱ्याला सगळे कळते. घरी आम्ही दख्खनी बोलतो, तिथे औषधाची 'दवा' होते. अर्थ तोच राहतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. विरुद्धार्थी शब्दांच्या पाठात 'औषध × विष' असे फळ्यावर लिहिताना गेली काही वर्षे माझा हात क्षणभर थांबतो. त्याचे कारण आज सांगणार आहे. विषय तसा साधा आहे : बागेतल्या किडीवर आणि बुरशीवर घरी करायचे झाडपाल्याचे उपाय. पावसाळा आला की कुंड्यांपुढे हताश उभे राहणारे आपल्यात अनेक आहेत. त्यांना उपयोगी पडेल असे काही सांगायचे आहे, आणि एक चूकही कबूल करायची आहे.

आम्ही मिरजेचे. माझे अब्बा तासगाव भागातल्या द्राक्षबागांमध्ये फवारणीच्या कामाला जायचे. ऑक्टोबरची छाटणी झाली की त्यांचे काम सुरू होई. भुरी, डावणी, करपा, तुडतुडे, फुलकिडे, मिलीबग हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. संध्याकाळी अब्बा परत आले की आधी परसातल्या नळाखाली अंघोळ करायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे. त्यांचे ते कपडे अम्मी वेगळ्या दगडावर धुवायची. आम्हा भावंडांना सक्त ताकीद होती की अंघोळ होईपर्यंत अब्बांना बिलगायचे नाही. बाकीची मुले दारात वडिलांच्या गळ्यात पडायची, आम्ही चार हात लांब उभे राहून वाट बघायचो.

अब्बा उर्दू चौथी शिकलेले होते. मराठी बोलायचे तासगावच्या बागायतदारासारखी, पण वाचता येत नसे. औषधाच्या डब्यातली घडीपत्रिका ते खिशात घालून घरी आणायचे आणि माझ्या पुढ्यात ठेवायचे. मी दिव्याखाली बसून ती मुंगीएवढी अक्षरे मोठ्याने वाचायची. लिटरला किती, तोडणीच्या आधी किती दिवस थांबायचे, डोळ्यांत गेले तर काय करायचे. डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. अब्बांना अक्षरे येत नव्हती तरी हा रंग ते बरोबर ओळखायचे. लाल डबा असला की त्या दिवशी जेवणाचा डबा बागेबाहेर, लांब झाडाला टांगायचे.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या घरात शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा अब्बा वर्तमानपत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेत होते. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. फक्त विचारले, "उनकू किसने पढ के सुनाया था क्या?"

अशा माणसाची मुलगी मी. साहजिकच माझ्या घरात दुकानातले औषध येणार नाही हे मी लग्नाआधीच ठरवले होते. गच्चीत पंचवीस-तीस कुंड्या आहेत. गुलाब, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, मिरची, वांगी, आणि कठड्यावर चढवलेला दुधी भोपळा. जे काही मारायचे ते घरगुती, झाडपाल्याचे. 'घरगुती' हा शब्द मला फार आवडायचा. घरगुती लोणचे, घरगुती डबा, घरगुती औषध. या शब्दात काही वाईट असू शकते असे कधी मनातच आले नाही.

सहा-सात वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मिरचीवर आणि गुलाबाच्या कळ्यांवर मावा इतका चढला की देठ दिसेना. कोणीतरी सांगितले, तंबाखूचे पाणी मारा, दुसऱ्या दिवशी साफ. आमची एक खाला निपाणीला राहते, तिकडे तंबाखूला काय तोटा! तिने पुडा पाठवला. मी तो उकळला, गाळला आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरला. रंग कोऱ्या चहासारखा. थोडे फवारले, उरलेले पुढच्या आठवड्यासाठी म्हणून गच्चीच्या जिन्यातल्या फळीवर ठेवले.

माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. भर दुपारी खेळून आला, तहानलेला होता, समोर ओळखीची बाटली दिसली. त्याने तोंडाला लावली. चव कडवट लागली म्हणून बरेचसे थुंकले, तरी एक-दोन घोट पोटात गेलेच. मी खाली स्वयंपाकघरात होते. पाच-दहा मिनिटांत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तोंडातून लाळ गळत होती, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मग उलट्या सुरू झाल्या. मला काही सुचत नव्हते. शेजाऱ्यांची रिक्षा घेतली. मिरजेत दवाखान्यांची कमतरता नाही, पण त्या दिवशी तो रस्ता सरता सरत नव्हता.

डॉक्टरांनी विचारले, "काय प्यायला?"

मी म्हणाले, "घरगुतीच आहे डॉक्टर. झाडांचे औषध. केमिकल काही नाही त्यात."

"कशाचे केले होते?"

"तंबाखूचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि पुढचे काही न बोलता परिचारिकेला भराभर सूचना द्यायला लागले. रात्रभर मुलाला देखरेखीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझे बोट धरून चालत घरी आला. अल्लाहचे आभार मानण्यापलीकडे त्या दिवसाबद्दल माझ्याकडे शब्द नाहीत.

नंतर शांतपणे वाचले तेव्हा समजले की मी काय शिजवले होते. तंबाखूतले निकोटिन हे जहाल विष आहे. ते पोटातूनच नव्हे, ओल्या कातडीतूनही शरीरात शिरते. तंबाखूच्या ओल्या पानांत राबणाऱ्या माणसांना मळमळते, गरगरते ते त्यामुळेच. आमच्या खालालाही तसे व्हायचे, आणि ती ते उन्हाने झाले असे समजायची. निकोटिन सल्फेट कीटकनाशक म्हणून वापरायला आपल्या देशात बंदी आहे. म्हणजे जे विकत घेऊन फवारायला मनाई आहे, तेच मी माझ्या पातेल्यात उकळले, शीतपेयाच्या बाटलीत भरले आणि त्याला 'घरगुती' म्हणून मोकळी झाले. शिवाय तंबाखूच्या चुऱ्यातून मोझॅक नावाचा विषाणूजन्य रोग मिरची-टोमॅटोवर येऊ शकतो, हे वेगळेच.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा अब्बा आमच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मला वाटले रागावतील. रागावले नाहीत. नातवाला मांडीवर घेतले, त्याचे हात हुंगले आणि मला एवढेच विचारले, "बाटली पर कुछ लिखी थी क्या?"

मी काही लिहिले नव्हते. लहानपणी ज्या मुलीने बापाला डब्यांवरचे अक्षर न् अक्षर वाचून दाखवले, जी आज पन्नास मुलांना लिहायला शिकवते, तिने स्वतःच्या घरातल्या बाटलीवर एक शब्द लिहिला नव्हता.

अब्बा आता नाहीत. त्यांच्या ट्रंकेत एक काळ्या रेक्झिनची वही सापडली. उर्दूत, पेन्सिलने, जाड अक्षरांत रोजच्या फवारणीच्या नोंदी. तारीख, कोणाची बाग, किती टाक्या, डब्याचा रंग, वारा कुठल्या दिशेचा. आणि वहीच्या शेवटच्या पानांवर मला ठाऊकच नसलेली गोष्ट होती. अम्मीच्या परसबागेवर त्यांनी केलेले उपाय. गुलाबावर आंबट ताक : चार दिवसांत भुरी कमी. लसूण-मिरचीचे पाणी, मावा : 'कोई फ़र्क़ नहीं'. तेच पुन्हा, जास्त तिखट : 'कोई फ़र्क़ नहीं, आँख जली'. राख : 'बारिश में बह गई'. साबणाचे पाणी : 'मावा गया, आठ दिन में वापस'.

ही पाने वाचताना मला प्रथम हसू आले आणि मग भरून आले. उपाय सांगणारी माणसे मला आयुष्यात शेकड्याने भेटली. पण जो उपाय चालला नाही तो प्रामाणिकपणे लिहून ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो चौथी शिकलेला होता. बी.एड.ला आम्हाला निरीक्षण, नोंद, निष्कर्ष अशी पायरी-पायरीने रीत शिकवली होती, पाठ टाचणांचे गठ्ठे लिहून घेतले होते. ती रीत खऱ्या अर्थाने मला या वहीने शिकवली. पुढे जे सांगते आहे ते या वहीच्या वळणाने माझ्या गच्चीत आणि शाळेच्या परसबागेत करून पाहिलेले आहे.

सुरुवात कडुनिंबापासून. आमच्या घरात नीम सगळीकडे असायचा. गव्हाच्या डब्यात वाळलेला पाला, लोकरी कपड्यांच्या ट्रंकेत पाला, अब्बाजानच्या जुन्या उर्दू किताबांच्या पानांतही पाला. पण त्याच्या शास्त्रीय नावाकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. अ‍ॅझाडिरॅक्टा इंडिका. हे नाव मोठ्याने म्हणून पाहा. त्यात फारसीतले 'आज़ाद दरख़्त' ऐकू येते, म्हणजे स्वतंत्र, खानदानी झाड. फारसीत हे नाव निंबाच्या जवळच्या भाईबंदाचे, बकाणनिंबाचे. तिथून ते लॅटिनमध्ये गेले, आणि १८३० मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जुस्यू यांनी कडुनिंबाला हे नाव दिले. वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडलाच, "आपा, ये तो अपना लफ़्ज़ है!" आपला शब्द, आपले झाड, आणि तरी त्याचा उपयोग करताना आपण किती निष्काळजी.

निंबाची ताकद टोळांनी जगाला दाखवली. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली, सगळे हिरवे फस्त झाले, कडुनिंब तेवढे शाबूत राहिले. हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ श्मुटेरर यांनी डोळ्यांनी पाहिले आणि पुढचे आयुष्य या झाडाच्या अभ्यासाला दिले. १९६२ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधकांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर फवारून पाहिले. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी पान खाल्ले नाही. निंबोळीत अ‍ॅझाडिरॅक्टिन नावाचे द्रव्य असते. त्याने किडीची खाण्याची इच्छा मरते आणि तिला कात टाकता येत नाही. म्हणजे कीड तडकाफडकी मरून पडत नाही. ती खायची थांबते, वाढायची थांबते आणि काही दिवसांनी कमी होते. "परवा मारले, अजून किडे आहेतच," म्हणून लोक तिसऱ्या दिवशी निंबोळीला नावे ठेवतात, ती घाई असते.

करायची रीत अशी. मे ते जुलैमध्ये पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा कराव्यात, गर धुऊन बिया सावलीत खडखडीत वाळवाव्यात. ओलसर राहिल्या तर त्यांनाच बुरशी येते आणि मग त्या टाकून द्याव्या लागतात. वाळलेल्या बिया सुती पिशवीत ठेवाव्यात. फवारायच्या आदल्या रात्री ५० ग्रॅम बिया टरफल काढून भरड कुटाव्यात आणि लिटरभर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी नको, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फडक्यातून गाळून, त्यात अर्धा चमचा साधा पातळ साबण ढवळून फवारावे. शेतकरी हाच हिशेब ५ किलोला १०० लिटर असा करतात आणि त्याला पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात. संध्याकाळ यासाठी की उन्हाने त्यातले द्रव्य लवकर निकामी होते, आणि मधमाश्याही तोवर घरी गेलेल्या असतात. मी असरची नमाज झाली की गच्चीत जाते. केलेला अर्क त्याच दिवशी संपवते, उरवत नाही. पानाच्या वरून मारून भागत नाही, किडी पानाखाली असतात, तिथे मारावा लागतो. सात-आठ दिवसांनी पुन्हा.

निंबाबद्दलही एक सावधगिरी सांगते. निंबोळीचे तेल लहान मुलांना कधीही पाजू नये, त्याने गंभीर विषबाधा झालेली आहे. पाल्याच्या फोडणीवर वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटायला जड जाते.

माव्यासाठी आणि पिठ्या ढेकणासाठी सगळ्यांत सोपा उपाय पाण्याचा. पहिल्या दिवशी पाइपने जोरात पाणी मारून कीड धुऊन काढायची. मग लिटरभर पाण्यात एक चमचा पातळ साबण घालून फवारायचे. कपडे धुण्याची पावडर अजिबात नको, पाने जळतात. साबण किडीच्या अंगाला लागला तरच काम करतो, वाळला की संपला. म्हणून अब्बांच्या वहीत 'आठ दिन में वापस' आहे. ते उपायाचे अपयश नव्हते, उपायाची ती मर्यादा आहे. काहीही नवे फवारताना आधी एका फांदीवर मारून एक दिवस थांबावे.

पण फवारण्याआधी ओळख पटली पाहिजे. मावा चढलेल्या मिरचीवर एकदा मला काळसर, काटेरी, मगरीसारखे दिसणारे बारीक किडे दिसले. किळस आली, चिरडून टाकले. पुढे कळले की ती ढालकिड्याची पिल्ले होती, जी दिवसभर मावा खातात. माझ्याकडे फुकट आलेले मजूर मीच मारले होते. तसेच लिंबाच्या पानावर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. शाळेत मुले तिला मारायला धावली. मी दोन अळ्या जाळीच्या डब्यात लिंबाच्या पाल्यासकट ठेवायला लावल्या. काही दिवसांनी डब्यात काळी-पिवळी फुलपाखरे फडफडत होती. झाड लावणाऱ्याच्या झाडावरून पाखराने, जनावराने खाल्ले तरी तो त्याचा सदका ठरतो, असे आपल्याकडे शिकवतात. मोठ्या झाडावरच्या चार-दोन अळ्यांचा हिशेब मी आता या खात्यात टाकते. रोप लहान असेल तर मात्र हाताने वेचते.

आता बुरशीकडे येते. इथे आपण सगळेच गोंधळतो, कारण पानावर पांढरे किंवा काळे दिसले की आपण लगेच काहीतरी शिंपडायला धावतो. माझ्या कढीपत्त्याची पाने काजळी धरल्यासारखी काळी व्हायची. मी महिनाभर हळदीच्या पाण्याने पुसत बसले. ती बुरशीच होती, पण ती पान खात नव्हती. मावा आणि पिठ्या ढेकूण अंगातून गोड चिकट पाझर सोडतात, त्या गोडव्यावर ती वाढते. मुंग्याही त्यासाठीच झाडावर चढतात. कीड घालवली की काजळी हळूहळू आपोआप जाते. मुंग्यांची रांग दिसली की मी आता बुरशीच्या मागे न लागता रांगेचे टोक शोधते.

भुरी वेगळी. दुधीच्या, भोपळ्याच्या, गुलाबाच्या पानांवर पिठी भुरभुरावी तशी ती दिसते. तिला पान ओले लागत नाही, कोंदट दमट हवा पुरते. त्यामुळे पहिला उपाय बाटलीत नसून जागेत असतो. कुंड्या लांब ठेवा, दाट फांद्या छाटा, ऊन-वारा लागू द्या, रोगट पाने काढून टाका. त्यानंतर दूध. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात, आठवड्यातून एकदा-दोनदा. हे ऐकून कोणी हसले तर सांगा की ब्राझीलमधले संशोधक व्हाग्नेर बेतियोल यांनी भोपळ्याच्या कुळातल्या झुकिनीवर असे प्रयोग केले आणि १९९९ मध्ये ते प्रसिद्ध केले. दहा टक्के किंवा जास्त दुधाची फवारणी तिथे बुरशीनाशकाच्या तोडीची ठरली. ते वाचताना मला वहीतली ताकाची नोंद आठवली. माझ्या दुधीवर भुरी दिसायला लागताच दूध मारले तेव्हा ती आटोक्यात राहिली. सगळा वेल पांढरा झाल्यावर मारले तेव्हा काही झाले नाही. दोन्ही नोंदी वहीत आहेत. आणि कुंडीत पाणी साचून मूळ कुजले असेल तर कुठलेच फवारे कामाचे नाहीत, तिथे फक्त माती कोरडी होऊ द्यावी लागते.

बुरशीवरून एक जुना खटला सांगितल्याशिवाय राहवत नाही. निंबाच्या तेलाने झाडावरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे युरोपातले पेटंट १९९४ मध्ये एका अमेरिकी कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला मिळाले. भारतातून वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आव्हान दिले. २००० मध्ये पेटंट रद्द झाले, आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. हे पुष्कळांना माहीत असते. 'आमच्या आजीचे ज्ञान' म्हणून आपण त्यावर टाळ्याही वाजवतो. पण त्या निकालात एक तपशील आहे, जो वाचून मी उठून उभी राहिले. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या पुणे आणि सांगली जिल्ह्यांत असे प्रयोग आधीच झाले होते, ही साक्ष त्यात मोलाची ठरली. सांगली जिल्हा! म्हणजे माझे अब्बा ज्या वर्षांत खांद्यावर पाइप घेऊन या जिल्ह्यातल्या बागांतून फिरत होते, तीच वर्षे. त्यांना त्या प्रयोगांची खबरही नसेल. 'आमच्याकडे पूर्वापार करतात,' एवढे सांगून भागले नसते. कुठे केले, कधी केले, काय केले, हे कोणीतरी सांगू शकत होते म्हणून उपयोग झाला. आपल्या आज्यांचे ज्ञान खोटे नसते. पण माप नाही, तारीख नाही, काय चुकले ते नाही, असे ज्ञान परक्याच्या हाती लागायला वेळ लागत नाही, आणि आपल्याच मुलाच्या तोंडी लागायलाही.

शाळेत आता आमची छोटी परसबाग आहे. पालक, मेथी, वांगी, भोपळा. मुलांसाठी मी काही नियम केले आहेत. निंबोळी, साबण, दूध आणि ताक एवढेच मुलांच्या हाती. शेतकरी दशपर्णी अर्क करतात, त्यात निंब-करंजाबरोबर कण्हेर, रुई, एरंड, धोतरा असा पाला पडतो. शेतावर, जाणत्या हातांनी तो ठीक आहे. पण धोतरा आणि कण्हेर माणसालाही मारतात, म्हणून शाळेत आणि गच्चीत तो नाही. तंबाखू कुठेच नाही. अन्नाची भांडी फवारणीला नाहीत आणि खाण्यापिण्याची बाटली तर मुळीच नाही. फवारलेली भाजी धुतल्याशिवाय तोंडात नाही.

आणि एक नोंदवही. तिच्यात रकाने आहेत : तारीख, झाड, कीड की बुरशी, काय मारले, किती मारले, काय झाले. पहिल्या वर्षी सगळ्या मुलांनी शेवटच्या रकान्यात 'रोग बरा झाला' असे लिहिले होते, कारण शिक्षिकेला तेच आवडेल असे त्यांना वाटले. मी अब्बांची वही वर्गात नेली आणि 'कोई फ़र्क़ नहीं' असे लिहिलेल्या ओळी वाचून दाखवल्या. मग सांगितले, खरे असेल तर 'काहीही फरक पडला नाही' या उत्तराला पूर्ण गुण आहेत. त्यानंतरची वही वाचण्यासारखी आहे.

गेल्या वर्षी फवारणीच्या पंपावर चिकटवायला चिठ्ठी लिहायची होती. एका मुलीने विचारले, "आपा, 'औषध' लिहूं क्या?" वर्गात वाद झाला. कोणी म्हणाले 'दवा' लिहा, कोणी 'अर्क', कोणी 'ज़हर'. मी मध्ये पडले नाही. शेवटी मुलांनी जे लिहिले ते आजही त्या पंपावर आहे, वर मराठीत आणि खाली उर्दूत : 'निंबोळीचे पाणी. आजच केले. झाडासाठी. पिऊ नये.'

माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. त्याला तो दिवस फारसा आठवत नाही, चव तेवढी आठवते. या आठवड्यात निंबोळ्या पडायला लागल्या आहेत. काल संध्याकाळी त्याने पिशवीभर वेचून आणल्या, गच्चीत पसरल्या, आणि मी न सांगता खडूने शेजारी तारीख लिहिली.